माझ्या घड्याळाला हात कुणी लावला?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण हे सांगताना मी चिडणार आहे, आणि चिडलेल्या माणसासमोर कुणी हसलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. चहा घ्या. साखर कमी झाली असेल तर डबा समोरच आहे, मुकाट्यानं घालून घ्या. "छान झालाय चहा, सर" असं मात्र कुणी म्हणू नका. असल्या वाक्यांपायीच हा सगळा घोळ झाला.

नलिनी, म्हणजे माझी बायको, उन्हाळ्यात गेली. त्याविषयी मला इथं काही सांगायचं नाही. सांगायचं आहे ते त्यानंतर लोक माझ्याशी कसे वागायला लागले त्याविषयी.

गोड झाले हो सगळे! दूधवाला पूर्वी पिशवी गेटवरून फेकायचा. आता बेल वाजवतो आणि दोन्ही हातांनी देतो, जसा काही प्रसादच. कॉलेजात मी इतिहास शिकवतो. एकदा स्टाफरूममध्ये मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "पानिपतची तिसरी लढाई खरं तर मराठ्यांनीच जिंकली होती." एरवी तिथं पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर यावरून लोक हातघाईवर येतात. त्या दिवशी? चिडीचूप! शेवटी भूगोलाचे सर खाली बघत म्हणाले, "तसंही म्हणता येईल."

तसंही म्हणता येईल! मग इतकी वर्षं आम्ही मुलांना काय शिकवलं?

सगळ्यात मोठा धक्का दिला तो वाघमाऱ्यांनी. नांदेडला आमच्या घराला त्यांची भिंत लागून आहे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत. आमच्या बदामाची पानं त्यांच्या अंगणात पडतात, त्यावरून आमचं कायमचं वाजलेलं. "ओ सर, झाड तुमचं हाय तर त्याचा कचरा आमच्या नशिबी का?" अशी आमची सकाळ व्हायची. नलिनी गेली आणि त्या माणसानं दुसऱ्याच आठवड्यापासून माझ्याही अंगणातली पानं झाडायला सुरुवात केली. वर मला म्हणतो, "लई छान सावली देतंय बघा झाड."

अहो, भांडा की माझ्याशी! माझी बायको गेली, मी काही काचेचा झालो नाही.

त्यात सल्ला सगळ्यांचा एकच. मन रमवा. भजनी मंडळात या, मन रमेल. पहाटे गोदावरीकाठी फिरायला या, मन रमेल. एक जण तर पोपट पाळा म्हणाला. मन म्हणजे काय अंगणवाडीतलं पोर आहे, खुळखुळा वाजवला की रमायला?

म्हणून मी ठरवलं, असं काहीतरी करायचं की ज्यावर यांच्यापैकी एकालाही सल्ला देता येणार नाही. मोबाईलवर बघता बघता ते सापडलं. इलेक्ट्रॉनिक घड्याळ, सुट्या भागांत. आपलं आपण जोडायचं. 'नवशिक्यांसाठी' असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. रागाच्या भरात मागवून टाकलं. राग कुणाचा, म्हणाल? तेव्हा तो वाटून घ्यायला भरपूर लोक होते.

पार्सल आलं त्याच दिवशी अक्काचा फोन. अक्का माझी थोरली बहीण, लातूरला असते. ती तेवढी बदलली नव्हती.

"काय करून राहिलास?"

"घड्याळ जोडतोय."

"भिंतीवरचं पडलं व्हय?"

"पडलं नाही. नवीन आहे. सुटे भाग आलेत, ते जोडायचे."

"आरं, मग दुकानात जोडलेलं मिळत न्हाई का?"

आता हिला काय सांगणार? तेवढ्यात तिनं मूळ विषय काढलाच. "हे बघ, तुझं एकट्याचं काही खरं न्हाई. तुझ्या संस्थेचं लातूरलाबी कॉलेज हाय. बदलीचा अर्ज दे. आमच्याच अपार्टमेंटात खालचा फ्लॅट रिकामा हाय. जेवायला वर यायचं, झोपायला खाली जायचं."

हे घर सोडून मला कुठंही जायचं नव्हतं. का, ते सांगत बसत नाही. मी एवढंच म्हणालो, "माझं घर व्यवस्थित चाललंय."

"चाललंय का न्हाई ते मी येऊन बघते. भाऊबीज झाली की येते. धड चाललं असंल तर राहा बापा, मी एक शब्द बोलणार न्हाई. न्हाईतर माझ्यासमोर अर्जावर सही करायची."

"ये! आल्यावर किती वाजले ते माझ्या घड्याळातच बघ!"

बोलून गेलो खरा. फोन ठेवला आणि टेबलावर बघितलं. एक हिरवी पाटी, तिला असंख्य भोकं. गव्हाच्या दाण्याएवढे रंगीत पट्ट्यांचे मणी, त्यांना रेझिस्टर म्हणतात. गोमेसारखे पाय असलेली एक काळी चिप. आणि एक माहितीपत्रक, ज्यातल्या इंग्रजीनं माझी झोप उडवली. एका वाक्याचा अर्थ लावून लावून असा निघत होता की, 'घटकाचे पाय हळुवार वाकवावे आणि त्याला आनंदाने झोपवावे.'

झोपवले. सगळ्यांना आनंदानं झोपवलं. सोल्डरिंगची इस्त्री, म्हणजे ती तापणारी लेखणी, बाजारातून आणली होती. तिच्यावर दोन बोटं भाजून घेतली, टेबलक्लॉथला भोक पाडलं, आणि घड्याळ उभं केलं. पिन लावली. काही नाही. पिन काढून पुन्हा लावली. काही नाही. जरा जळका वास आला, तेवढंच काय ते चैतन्य.

मदत मागणं भाग होतं. आणि टेलिफोन खात्यात सगळी हयात तारा जोडण्यात गेलेला माणूस भिंतीपलीकडंच होता. मी पाटी घेऊन गेलो.

वाघमाऱ्यांनी चष्मा लावला. पाटी फिरवून फिरवून बघितली. मी त्यांचा चेहरा ओळखतो. पूर्वीचे वाघमारे असते तर म्हणाले असते, "सर, हे काय गोधडीला ठिगळं लावलीत का?" पण नव्या वाघमाऱ्यांनी घसा खाकरला.

"काम लई छान झालंय, सर."

"मग चालत का नाही?"

"चालंल की. फक्त थोडंसं... सगळं उलट्या बाजूनं बसलंय."

"सगळं?"

"चिप सोडून."

"चिप तरी बरोबर आहे ना?"

"चिप बाजूनं बरोबर हाय. तोंडानं उलटी हाय."

मला इतका राग आला! चुकलो याचा नव्हे. हे सगळं ते ज्या आवाजात सांगत होते त्याचा. आजारी माणसाला मोसंबी सोलून द्यावी तसे सांगत होते. पुढं त्यांनी एकेक भाग तापवून काढला, शेजारी बसवून मला पुन्हा लावायला शिकवलं, आणि तोंडानं कौतुक अखंड चालू. "हा टाका बघा, काय गोल आलाय! खात्यात असता ना सर, तर पोरांना दाखवला असता."

"वाघमारे, तो टाका नाही. ते सोल्डर टेबलावर सांडलंय."

"तरी पण गोल हाय."

पण घड्याळ चाललं! तांबडे आकडे झळकले, मधले दोन ठिपके लुकलुकायला लागले. वाघमाऱ्यांनी दोन बटणं दाबून वेळ कशी लावायची ते दाखवलं आणि बजावलं, "एक ध्यानात ठेवा. ह्याला आत सेल न्हाई. लाईट गेली की हे सगळं विसरतं. परत आली की बारापासून मोजायला लागतं. मग वेळ नव्यानं लावायची."

मी घड्याळ दिवाणखान्यात शोकेसवर ठेवलं. खालच्या सॉकेटात पिन घातली. रात्री बघितलं, वेळ बरोबर. सकाळी बघितलं, बरोबर. म्हटलं ये आता अक्का, बघ.

यंदा आमच्याकडं दिवाळी नव्हती. वर्षाच्या आत घरात कढई ठेवत नाहीत. मग शेजारपाजारचे फराळाचे डबे आणून देतात. दुपारी मी आतल्या खोलीत आडवा झालो होतो, उठून बाहेर आलो तर टीपॉयवर वाघमाऱ्यांकडचा चकल्यांचा डबा. आणि घड्याळात? बारा वाजून काही मिनिटं! भिंतीवरच्या घड्याळात चार व्हायला आले होते.

लाईट गेली असेल? छे. माझ्या डोक्यावरचा पंखा एकदाही थांबला नव्हता. मग राहिलं कोण? दार उघडं होतं, वाघमारे डबा ठेवायला आत आले होते, आणि बटणं कुठली दाबायची ते सगळ्या गल्लीत त्यांनाच माहीत होतं. इतिहासाचा माणूस आहे मी. पुरावा बघितला की निष्कर्ष काढतो.

तसाच भिंतीपाशी गेलो. "वाघमारे! माझ्या घड्याळाला हात लावलात तुम्ही?"

"मी? न्हाई ब्वा. डबा ठेवला अन् आलो."

"मग वेळ कशी बदलली?"

"सर, ते दुपारी लाईट..."

"लाईटचं मला सांगू नका! मी पंख्याखाली झोपलो होतो, पंखा गरगर फिरत होता!"

वाघमाऱ्यांनी तोंड उघडलं. माझ्याकडं बघितलं. काय दिसलं त्यांना कुणास ठाऊक, पण तोंड मिटलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मग लागला असंल माझा हात. माफ करा, सर."

बघा! गुन्हा कबूल. मी विजयी वीरासारखा घरात आलो, वेळ लावली आणि घड्याळावर कागद चिकटवला : 'हात लावू नये.'

दुसऱ्या दिवशी दुपारी दार आतून लावून झोपलो. उठलो तर पुन्हा तेच! बारा वाजून अमुक. आता वाघमारे तर आत आले नव्हते. पण मागच्या दारानं सुमनबाई आल्या होत्या. त्या आमच्याकडं धुणंभांडी करतात, नलिनीच्या वेळेपासून. स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या.

"सुमनबाई, घड्याळ पुसलंत तुम्ही?"

"कंचं घड्याळ, सायेब?"

"ते शोकेसवरचं. तांबड्या आकड्यांचं."

"न्हाई वो. त्याच्यावर कागद लावलाय नव्हं तुमी? म्या तिकडं फिरकलेबी न्हाई."

"मग ते आपोआप बदललं?"

"आता म्या काय सांगू? त्या वक्ताला तर लाईटच..."

"लाईट, लाईट, लाईट! तुम्हाला वाघमाऱ्यांनी शिकवून ठेवलंय का? पंखा चालू होता माझा!"

सुमनबाईंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. त्यांनी दारातून शोकेसकडं बघितलं, मग भिंतीवरच्या नलिनीच्या फोटोकडं बघितलं. पदरानं हात पुसले.

"लागलं आसंल फडकं, सायेब. चुकलं माजं."

म्हणजे दुसराही आरोपी कबूल! आता तुम्हीच सांगा, माणसानं काय समजावं? मला तर आपलं घर म्हणजे कटकारस्थानाचा दरबार वाटायला लागला. एकानं हात लावायचा, दुसऱ्यानं फडकं लावायचं, आणि दोघांनी मिळून लाईटला बदनाम करायचं!

तिसऱ्या दिवशी मी पहारा ठेवला. पुढचं दार बंद, मागचं बंद. सुमनबाईंना सुट्टी दिली. घड्याळासमोर खुर्ची टाकली आणि बसलो, डोळे लावून. दुपार झाली. आणि माझ्या डोळ्यांदेखत, कुणीही जवळ नसताना, ते आकडे विझले!

वर बघितलं. पंखा चालू. ट्यूब लावून बघितली. लागली. टीव्ही लावला. एक बाई कुरकुरीत भेंडी करून दाखवत होती. सगळं घर सुरळीत चालू, आणि घड्याळ मात्र ठार. मी त्याला टपली मारली, पिन दाबली, शिवी पण दिली. बराच वेळ तसंच राहिलं. मग एकाएकी आकडे उजळले आणि बारापासून मोजायला लागले, कुठं गेलो होतो ते न सांगता.

अस्सं! म्हणजे माल खराब. मग वाघमारे आणि सुमनबाई यांनी न केलेला गुन्हा कबूल का केला असेल असा प्रश्न मला पडायला हवा होता की नको? पडला नाही. रागाला प्रश्न पडत नसतात. मी किट विकणाऱ्यांना फोन लावला.

पलीकडून एक तरुण मुलगी बोलत होती. आवाज सौम्य. सौम्य आवाज ऐकला की माझं डोकं तापायचे ते दिवस.

"तुम्ही लोकांना फसवता! रोज दुपारी बंद पडतं तुमचं घड्याळ!"

"रोज दुपारीच पडतं का, सर? मग ॲडॉप्टर ज्या पॉइंटला लावलाय त्या पॉइंटला..."

"पॉइंट माझ्या घरातला आहे! त्याला काही झालेलं नाही!"

"नाही सर, पण एकदा दुसऱ्या खोलीत लावून..."

"मला शिकवू नका! इतक्या महिन्यांत हे एक काम मी हातात घेतलंय. बायको गेल्यापासून पहिलंच. तेवढंही तुम्ही धड होऊ देऊ नका!"

हे मी कधीच कुणाला सांगत नाही. त्या अनोळखी पोरीला का सांगितलं, माहीत नाही. मग ती म्हणाली, "सर, आमचीच चूक आहे. नवीन किट पाठवते."

तिसरा कबुलीजबाब! जगात माझ्याइतका बरोबर असलेला माणूस दुसरा नव्हता.

अक्का आली ती ऐन दुपारी. वाटेत अहमदपूर सुटल्यावर तिनं फोन केला होता, त्यामुळं मी तेव्हापासून घड्याळ नीट लावून, पुसून, कागद काढून तयार. दोन पिशव्या घेऊन ती आत आली, नलिनीच्या फोटोसमोर जरा उभी राहिली, आणि डोळे पुसून लगेच माझ्याकडं वळली.

"वाळलास. पडदे कवा धुतले होते?"

"ते राहू दे. हे बघ घड्याळ."

तिनं बघितलं. भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघितलं. "बरं हाय की रे!" म्हणाली. मला कसं वाटलं असेल! निम्मी परीक्षा पास. आता संध्याकाळपर्यंत ते नीट चाललं की झालं.

मग ती स्वयंपाकघरात शिरली. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी करते म्हणाली. मी दिवाणखान्यात घड्याळाच्या राखणीला बसलो. आतून मिक्सरचा घर्रर्र आवाज. आणि तो मध्येच बंद पडला. त्याच क्षणी माझ्यासमोर तांबडे आकडे विझले.

"लाईट गेली!" आतून अक्का ओरडली.

"कुठं गेली?" मी ओरडलो. "पंखा चालू आहे!"

"आरं, मिक्सर बंद पडला!"

"मिक्सर बिघडला असेल!"

"फ्रीजबी बंद हाय!"

"पण पंखा फिरतोय ना!"

अक्का दारात येऊन उभी राहिली. हातात मिक्सरचं भांडं. तिनं पंख्याकडं बघितलं, विझलेल्या घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. असं बघणं मी शाळेत नापास झालो तेव्हा शेवटचं बघितलं होतं.

"आरं शहाण्या, इन्व्हर्टर न्हाई का तुझ्या घरात?"

आता काय सांगू तुम्हाला! आहे. जिन्याखाली आहे. आपल्या पोटात प्लीहा असते हे जसं माणसाला माहीत असतं, तितपत मलाही ते माहीत होतं. कुठले पॉइंट त्याच्यावर घ्यायचे आणि कुठले नाही, हे नलिनीनं वायरमनला उभं राहून सांगितलं होतं. पंखे, दिवे, टीव्ही हे घेतले. मिक्सर, फ्रीज आणि शोकेसखालचा सॉकेट सोडून दिले. मी तेव्हा पेपर तपासत होतो.

अक्कानं भिंतीपाशी जाऊन हाक मारली. "ओ दादा, लाईट हाय का तुमच्याकडं?"

वाघमारे बाहेर आले. "न्हाई ताई. रोज ह्याच वक्ताला जाते की. नवे खांब उभे करून राहिलेत कोपऱ्यावर. मोबाईलवर मेसेज येतो ना आधी."

मेसेज. आमच्या मीटरला मोबाईल नंबर जोडलेला तो नलिनीचा. तो फोन बंद करून मीच कपाटात ठेवला होता.

अक्कानं मला खुर्चीत बसवलं आणि पहिल्यापासून सगळं काढून घेतलं. वाघमाऱ्यांना काय म्हणालास, सुमनबाईंना काय म्हणालास, त्या पोरीला काय म्हणालास. प्रत्येक उत्तरागणिक तिचे डोळे मोठे होत गेले.

"अन् तिघंबी 'आमचंच चुकलं' म्हणाले?"

"हो."

"ऊठ. आधी माफी मागून ये सगळ्यांची."

उठलो. तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न होताच. पण खरी पंचाईत पुढंच होती. माझी माफी घ्यायला कुणी तयार होईना!

सुमनबाई पलीकडच्या घरी काम करत होत्या. त्यांना अंगणात बोलावून म्हणालो, "सुमनबाई, माझं चुकलं. तुमचं फडकं लागलं नव्हतं."

"आसू द्या सायेब. लागलं आसंल."

"नाही लागलं. लाईट जात होती."

"लागलंच आसंल कवातरी. तुमी नगा मनाला लावून घिऊ."

"अहो, नाही लागलं म्हणतोय ना!"

"बरं, न्हाई लागलं. पर लागलंबी आसंल."

"तुम्ही निर्दोष आहात!" मी ओरडलो. इतका मोठ्यानं, की पलीकडच्या घरातली मंडळी गॅलरीत आली. माणसाला निर्दोष ठरवताना एवढं कुणी रागावलेलं त्यांनी बघितलं नसावं.

किटवालीला फोन केला. "घड्याळ चांगलं आहे. चूक माझी होती. नवीन पाठवू नका."

"सर, तुम्ही मोठ्या मनानं आमची चूक स्वतःवर घेताय."

"मोठं मन वगैरे काही नाही! माझ्या घरात लाईट जात होती!"

"समजू शकते, सर. पार्सल निघालंय. आणि सर... काळजी घ्या."

राहिले वाघमारे. भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. "वाघमारे, तुम्ही घड्याळाला हात लावला नव्हता."

"जाऊ द्या हो, सर. लागला असंल."

"नव्हता लागला!"

"चुकून लागला असंल."

"तुम्ही खोटं का बोललात? टेलिफोन खात्यात इतकी वर्षं काढली, इन्व्हर्टर कळत नाही तुम्हाला?"

आणि तेव्हा, अहो तेव्हा, वाघमाऱ्यांचा चेहरा लाल झाला. मान ताठ झाली. "मला कळत न्हाई? मला? लाईट म्हणून तोंड उघडलं तर अंगावर धावून आलात! ऐकून घेता का तुम्ही कुणाचं? चिप उलटी, पाटी उलटी, डोकं उलटं! म्हटलं जाऊ दे, बिचाऱ्याची बायको गेलीया, घेऊ आपल्या अंगावर. तर वरून माझी अक्कल काढता?"

"मी कुठं सांगितलं होतं अंगावर घ्यायला?"

"मग काय करायचं होतं? तुमच्याशी भांडत बसायचं?"

"हो!"

"भांडतो की मग! भांडतो!"

आणि भांडले हो! अर्धा तास भांडलो आम्ही. गल्लीतली माणसं गेटवर येऊन उभी राहिली. बदामाच्या पानांपासून गटारीपर्यंत सगळं निघालं. मी घामाघूम होऊन घरात परत आलो तेव्हा लाईट आली होती आणि अक्का चटणी वाटीत काढत होती. सगळं ऐकलं होतं तिनं.

जेवताना ती भाकरीच तेवढी वाढत राहिली. मला अन्न गोड लागेना. पिशवीत तिनं बदलीच्या अर्जाचा कागद आणलेला मी बघितला होता. घर मला चालवता येत नाही हे तर आता भिंतीपलीकडंही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सोडायला एसटी स्टँडवर गेलो. शेवटी मीच विषय काढला. "अर्जावर सही करायची का?"

"नको."

"नको?"

"तू हितंच राहा."

"म्हणजे... घर नीट चाललंय, असं तुला वाटलं?"

"घर? घर कुठं तू चालवतोस? ते तर ही गल्ली चालवून राहिली." अक्कानं पदर सावरला. "आमच्या अपार्टमेंटात तू असा एकावर ओरडलास ना, तर दुसऱ्या दिवशी मिटिंग लावतील. त्यात तुझ्या दाजींचं बीपी. न केलेलं अंगावर घेणारी माणसं लातूरला आम्ही कुठून आणायची रे तुझ्यासाठी? तू हितंच बरा हायस. आम्हीबी बरे हाव."

म्हणजे मला हवं होतं तेच झालं. जिंकलो मी. मग संताप कशाचा आला, सांगू? इतके महिने 'चल, चल' म्हणून जीव खाणारी सख्खी बहीण, आणि गाडी लागेपर्यंत एकदासुद्धा "तरी पण चल रे" म्हणाली नाही! खोटं खोटंसुद्धा नाही!

गाडी हलली. अक्कानं खिडकीतून हात बाहेर काढला. मी गाडीबरोबर चार पावलं चाललो. म्हटलं, कितीही झालं तरी बहीण आहे, निघताना दोन मायेचे शब्द बोलेलच.

बोलली ना! सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"जिवाला जपा म्हणावं," अक्का ओरडली, "वाघमाऱ्यांना!"